परगावच्या घाटावर

खेळ पाहणाऱ्या मंडळींचे ढोबळ मानाने दोन वर्ग पडतात. आपल्या अंगणात खेळ आला म्हणजे तो पाहणारे, हा पहिला वर्ग. आणि आपल्या खेळाडूंच्या पाठोपाठ परक्याच्या अंगणात जाऊन पाहणारे, हा दुसरा. पहिल्या वर्गातला मनुष्य सुखी म्हटला पाहिजे. सावली कोणत्या बाजूला लवकर येते, पाणी कोठे मिळते, कोणत्या दगडावर बसले असता पुढच्याची टोपी आड येत नाही, हे सारे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. दुसऱ्याला यांतले काहीच ठाऊक नसते. पाणी कोठे आहे हे त्याला विचारावे लागते, आणि विचारताक्षणीच तो परगावचा आहे हे चार माणसांना कळते. आपल्या बाजूचा जय झाला तर आनंद थोडा आवरून धरावा लागतो. पराजय झाला तर दुसऱ्यांचा आनंद चेहरा हसरा ठेवून पाहावा लागतो. परतीची वाट लांब, आणि जेवणाची शाश्वती नाही. इतके असूनही हा मनुष्य पुढल्या खेपेस पुन्हा जातो. असे काय मिळते त्याला तेथे?

विलायतेत या माणसाला ‘अवे सपोर्टर’ अशी स्वतंत्र संज्ञाच आहे. तिकडच्या बड्या लीगमधील फुटबॉलचे सामने आपल्याकडची मुले हल्ली रात्री जागून पाहतात. परंतु त्या लीगच्या खाली लहानसहान गावांच्या क्लबांची जी एक लांबलचक उतरंड आहे, तिची वार्ता आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचते. १८५७ मध्ये स्थापन झालेला शेफील्ड फुटबॉल क्लब जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून ओळखला जातो. तो आज या उतरंडीतच खेळतो. अशा ठिकाणी प्रेक्षक शेकड्यांनी मोजावे, आणि त्यांत पाहुण्या गावाहून आलेले तर कधी कधी एका मोटारीत मावतील इतकेच. ते पावसात भिजत उभे राहतात, घसा बसेपर्यंत ओरडतात, आणि बहुधा हरून घरी जातात. जगाच्या दृष्टीने त्या सामन्याला काडीचे महत्त्व नसते. त्यांच्या दृष्टीने त्या दिवशी दुसरे काही महत्त्वाचे नसते.

इंग्रजी निबंधाच्या अभ्यासकाला येथे हॅझ्लिटचा ‘द फाइट’ आठवल्यावाचून राहणार नाही. डिसेंबर १८२१ मध्ये हंगरफर्डजवळ झालेले एक मुष्टियुद्ध पाहण्यासाठी हा थोर टीकाकार लंडनहून गेला, आणि त्याची हकीकत त्याने १८२२ मध्ये प्रसिद्ध केली. हा निबंध मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. प्रतिवर्षी कोणी तरी अधीर विद्यार्थी विचारतो, “सर, मारामारी सुरू कधी होणार?” त्याचा प्रश्न अगदी रास्त असतो, कारण निबंधाचा मोठा भाग गाडी मिळविण्याची धडपड, वाटेवरची सोबत, खाणावळीतील रात्र आणि तेथील गप्पा यांनीच व्यापलेला आहे. मी त्या विद्यार्थ्याला सांगतो, “बाबा रे, खेळ पाहायला दूर जाणाऱ्याचा खेळ घरून निघतानाच सुरू होतो.” हे वाक्य मी पुस्तकाच्या आधाराने बोलत नाही. त्याला आधार आहे आमच्या जुन्नर-आंबेगावच्या बैलगाड्यांचा.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, शिरूर या तालुक्यांत चैत्र लागला की गावोगाव यात्रा भरतात. पहाटे देवाला अभिषेक, मग मांडवडहाळे, दिवसभर गाड्यांच्या शर्यती, रात्री पालखी आणि तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा, असा सर्वसाधारण क्रम असतो. त्यातही गाडे नसले तर यात्रा भरली असे कोणी म्हणत नाही. ज्या चढावर हे गाडे पळतात त्याला ‘घाट’ म्हणतात. आमच्या भागात या शब्दाचा सह्याद्रीच्या खिंडीशी किंवा नदीच्या पायऱ्यांशी संबंध नाही. एक सरळ, मातीचा, चढता पट्टा. दोन्ही अंगांना माणसांना बसण्याजोगा उतार. खाली गाडे जुंपण्याची जागा आणि वर निशाण. एवढ्या सामग्रीवर गावाचे नाव तालुक्यात होते किंवा जाते.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानावर दोन बैलांचे छकडे एकमेकांशेजारी पळतात आणि छकड्यावर हाकणारा असतो. आमच्याकडील रीत निराळी. येथे गाड्याला चार बैल; पुढची जोडी जुकाटाला, मागची धुरेला. गाड्यावर गाडीवान नाही. पुढे एक घोडी सुटते, तिच्यावर स्वार असतो, आणि तिच्या मागे हे चार बैल रिकामा गाडा घेऊन चढ चढत जातात. जुंपणाऱ्यांनी हात सोडले की मनुष्याचे काम संपले. पुढचे काय ते बैलांच्या मनावर. या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. चांगली बारी बारा-तेरा सेकंदांत आटोपते. चारही बैल एकाच दावणीचे असतात असेही नाही. दोन गावांचे दोन मालक आपापली जोडी आणून एक गाडा करतात, आणि या युतीला गवयांकडून उसना घेतलेला ‘जुगलबंदी’ हा गोड शब्द वापरतात.

निमगावच्या खंडोबाचा घाट, नागापूरजवळचा थापलिंगचा घाट ही या खेळातील बडी नावे. मी सांगत आहे तो घाट त्यांच्या पंक्तीत बसणारा नव्हे. आंबेगाव तालुक्याच्या पूर्व अंगाला, घोड नदीपासून फार दूर नसलेल्या एका खेड्याचा तो लहानसा घाट. त्या गावचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितले तर तेथील मंडळी म्हणतील, आमचे मीठ खाऊन गेला आणि आमच्या घाटाला लहान म्हणाला.

२०२५ च्या चैत्रात आमच्या थोरल्या चुलतबंधूंचा गाडा त्या घाटावर जायचा होता. आमचे मूळ गाव जुन्नर तालुक्यात, कुकडीच्या काठी. मी नोकरीनिमित्त पुण्यात राहिलो त्याला तीस वर्षे उलटून गेली. दादांचा आदल्या रात्री निरोप आला, “सकाळी सहाला निघायचंय. येणार असशील तर ये. वाट बघणार नाही.” ज्याला हे आमंत्रण वाटणार नाही त्याला आमच्या घराण्याची भाषा कळत नाही. मी भल्या पहाटे पुण्याहून निघून नारायणगावच्या चौकात उभा राहिलो. पुढे बैलांचा टेम्पो, मागे घोडीचा, आणि त्यांच्या मागे माणसांनी खच्चून भरलेल्या दोन जीपा असा लवाजमा आला. मला बसायला जागा नव्हती. ती करण्यात आली. म्हणजे एका पुतण्याला दुसऱ्या पुतण्याच्या मांडीवर बसविण्यात आले.

नारायणगावाच्या आसपासचा मुलूख सकाळच्या उन्हात पाहण्यासारखा असतो. उसाचे फड, टोमॅटोचे मांडव, शेताच्या बांधावर कांद्याच्या भरलेल्या बराखी. आणि मधूनच खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीची एखादी प्रचंड थाळी आकाशाकडे तोंड करून उभी. अशा तीस थाळ्या या परिसरात पसरल्या आहेत, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यातून निघालेल्या लहरी त्या टिपतात. त्यांच्या सावलीतून आमचा टेम्पो एका खेड्यातील बारा सेकंदांच्या कामगिरीवर निघाला होता, आणि त्यातल्या एकाही माणसाला आपले काम कमी दर्जाचे आहे असे वाटत नव्हते. जीपमधील संभाषण तर शास्त्रज्ञांच्याच तोडीचे होते. कोणता बैल डावीकडे ओढतो, कोणता निशाणाच्या जवळ मान वर करतो, कोणाची पोटात पाणी असता गती कमी होते, यावर जी चर्चा चालली होती ती ऐकून मला आमच्या विद्यापीठातील अभ्यासमंडळांच्या सभा आठवल्या. फरक इतकाच, की येथे प्रत्येक जण विषय जाणणारा होता.

घाटावर पोहोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. उतरताक्षणी एका म्हाताऱ्याने मला अडविले.

“पाव्हणं, गाव कंचं?”

मी आमच्या गावाचे नाव सांगितले.

“गाडा आणलाय?”

“आणलाय.”

“मंग या की असं. सावलीला बसा. बारी व्हायला येळ हाय.”

वरकरणी हे संभाषण किती साधे! परंतु त्या दिवशी मला जे काही मिळाले त्याचे मर्म या चार वाक्यांत होते. माझ्या स्वतःच्या गावात मला कोणी ‘गाव कोणचं?’ असे विचारीत नाही. तेथे मी ‘पुण्याचे प्रोफेसर’ असतो. मी गेलो की खुर्ची आणली जाते, चहा बशीवर झाकण ठेवून येतो, आणि ज्या गोष्टींविषयी आपापसात मोकळेपणी वाद चालला असेल त्या एकाएकी थांबतात. माझ्या वाट्याची जमीन चुलतभाऊ कसतात. घराची माझी खोली कांद्यासाठी वापरली जाते, आणि ते योग्यच आहे. गावाने माझा कधी अपमान केला नाही. उलट मान इतका दिला, की त्या मानाच्या ओझ्याखाली माझे गावकरीपण हळूहळू दबून गेले. मानाची खुर्ची ही पाहुण्यासाठी असते, हे ती पुढे आली म्हणजे कळते.

परंतु येथे, दुसऱ्याच्या घाटावर, मी पुन्हा एका गावचा मनुष्य झालो. त्या म्हाताऱ्याला माझी पदवी ठाऊक नव्हती, पुस्तके ठाऊक नव्हती. ठाऊक होते ते केवळ गाव. आमच्या गावचे पन्नास-पाऊणशे लोक घाटाच्या डाव्या अंगाला एका बाभळीच्या विरळ सावलीत दाटीवाटीने बसले होते. त्यांच्यांत मीही बसलो, आणि कोणी खुर्ची आणली नाही. आणायची कोठून? खुर्च्या यजमानांच्या होत्या. ज्याला मी ओळखतही नव्हतो अशा आमच्या गावच्या एका तरुणाने माझ्या हातात मिरचीची भाकरी ठेवली आणि म्हणाला, “धरा काका, परत दुपारपर्यंत काय मिळायचं नाही.” गावात याच तरुणाने मला वाकून नमस्कार केला असता आणि तो निघून गेला असता. परक्यांच्या गर्दीत आम्ही थोडके होतो, म्हणून एकमेकांचे झालो.

यजमान गावाचा निवेदक मोठा बोलका गृहस्थ होता. ध्वनिक्षेपकावरून तो सकाळपासून एकसारखा बोलत होता आणि त्याचा आवाज शेवटपर्यंत तसाच राहिला. आपल्या गावचा गाडा आला की तो त्या बैलांच्या आज्यापणज्यांपर्यंत जाई. पाहुण्यांचा गाडा असला की थोडक्यात आटोपे. परंतु त्या थोडक्यातही शिष्टाचार सुटत नसे. “जुन्नर तालुक्यातले पाव्हणे आहेत, घाट मोकळा करा, पोरांना आत घ्या,” असे तो म्हणे. मधूनच चिमटाही काढी. आमच्या शेजारच्या एका गावचा गाडा अर्ध्या घाटातून डाव्या बांधावर चढला तेव्हा तो म्हणाला, “पाव्हण्यांना आमचं ऊस बघायचं होतं.” सारा घाट हसला. आमच्या बाभळीखाली मात्र कोणी हसले नाही. आणि तो गाडा आमचा नव्हता, तालुका तेवढा एक होता. तालुक्याविषयीचा हा अभिमान आमच्यांत कोठून आला कोण जाणे. घरी असताना त्या शेजारच्या गावाशी आमचे पाटाच्या पाण्यावरून वाकडे आहे.

एकंदरीत मी जितके वैर पाहण्याच्या तयारीने गेलो होतो तितके तेथे दिसले नाही, आणि याचे कारण या खेळाच्या रचनेत आहे असे मला वाटते. फुटबॉलमध्ये दोन बाजू समोरासमोर येतात. एकाचा गोल हा दुसऱ्याच्या छातीवरचा घाव असतो. घाटावर गाडा एकटा पळतो. त्याच्यासमोर प्रतिस्पर्धी नसतो. असते ते घड्याळ. दुसऱ्याचा गाडा वेगाने गेला म्हणून तुमचा मंद होत नाही. शिवाय ठरावीक सेकंदांच्या घरात बसलेले सारे गाडे एकाच क्रमांकात धरतात आणि बक्षीस वाटून घेतात; एकेका क्रमांकात कितीतरी गाडे असतात. ‘घाटाचा राजा’ हा मान ज्याचा वेळ सर्वांत कमी त्या एकाला. बाकीच्यांना पहिला क्रमांक मिळून मिळविता येतो. त्यामुळे दुसऱ्याच्या उत्तम बारीला दाद दिल्याने आपल्या गावाशी बेइमानी होत नाही. यजमानांचा एक गाडा असा काही गेला, की चार बैलांच्या पाठी एका रेषेत, एकही मान हलली नाही, १२.६१ सेकंद. ‘भिर्रर्र’ असा जो एकच गजर उठला त्यात आमची बाभळही सामील होती. दादा तर उभे राहिले आणि म्हणाले, “याला म्हणत्यात बारी!” आणि मग खाली बसून गप्प झाले, कारण आमची बारी अजून व्हायची होती.

प्रेक्षकांचे हे भांडण-प्रेम फार पुरातन आहे. ‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनंतर रथांची शर्यत होते; आणि रथ अजून दूर धुळीत असतानाच कोणाचे घोडे पुढे आहेत यावरून आयडोमेनियस आणि धाकटा एजॅक्स यांची जुंपते. पैज लावण्यापर्यंत मजल जाते, तेव्हा खुद्द अकिलीजला उठून त्यांना गप्प करावे लागते. ट्रॉयपुढे दहा वर्षे लढलेले वीर, परंतु शर्यत पाहायला बसले की बाभळीखालच्या आमच्या मंडळींहून निराळे नाहीत. आपल्याकडे तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०२ व्या सूक्तात मुद्गल आणि त्याची पत्नी मुद्गलानी यांच्या शर्यतीची कथा आहे. सूक्त कठीण आहे, आणि त्याच्या अर्थाविषयी पंडितांत एकवाक्यता नाही. तरी रथाला बैल जुंपलेला होता आणि सारथ्य मुद्गलानीकडे होते एवढे त्यातून निघते. आमच्या घाटावर त्या दिवशी बायका पुष्कळ होत्या. मुद्गलानीचे सारथ्य मात्र अजून कोणी त्यांच्या हाती दिलेले दिसले नाही.

आमची बारी दुपारी दीडच्या सुमारास पुकारली गेली. निवेदकाने आमच्या गावाचे नाव घेतले. ते नाव मी शाळेच्या दाखल्यावर, सातबाराच्या उताऱ्यावर, लग्नपत्रिकांवर हजारदा वाचले असेल. परंतु परक्या गावच्या ध्वनिक्षेपकावरून, परक्या डोंगरावर आपटून परत आलेले ते नाव मी प्रथमच ऐकले. अंगावर काटा आला हे सांगायला मला संकोच वाटत नाही. खाली जुंपणाऱ्यांची धांदल चालली होती. भंडारा उधळला गेला. जुकाटाचा डावा बैल, ‘सोन्या’, अगोदरपासून नाचत होता. त्याला चौघांनी धरले होते. घोडी सुटली, हात सुटले, आणि पुढचे मी पाहिले असे म्हणणे धाडसाचे होईल. धूळ, चार पांढऱ्या पाठी, चाकांचा खडखडाट, आणि माझ्या कंठातून निघालेला एक स्वर, जो वर्गात कधी निघाला नव्हता. निशाण पडले. मग ती शांतता, जी घड्याळ सांगेपर्यंत असते.

“तेरा सेकंद चार पॉइंट,” निवेदक म्हणाला. १३.०४. पहिला क्रमांक बारा सेकंदांच्या घरातल्यांचा होता. एका सेकंदाचे शंभर भाग करावे आणि त्यांतल्या पाच भागांनी मनुष्याचे वर्ष हुकावे!

आमच्यांतल्या एकानेही घड्याळाला दोष दिला नाही, याचे मला कौतुक वाटले. “दुसऱ्यात बसला,” एवढेच दादा म्हणाले, आणि बैल धरायला वर निघाले. मीही त्यांच्या मागून गेलो. घाटाच्या माथ्यावर सोन्या उभा होता. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. तोंडाला फेस होता. डोळे मोठे झाले होते. दादांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, आणि काही वेळाने त्याचा श्वास खाली बसला. तो देखावा पाहताना माझ्या मनात जो प्रश्न आला तो या लेखात टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

हा खेळ पाहणाऱ्याच्या आनंदाची किंमत बैल देतो काय? न्यायालयांनी याचा दीर्घकाळ विचार केला आहे. २०११ मध्ये केंद्र सरकारने ज्यांचे खेळ करण्यास मनाई आहे अशा प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवरही बंदी घातली. शेपट्या पिरगाळणे, टोचणे, मारणे असे प्रकार त्या वेळी न्यायालयापुढे आले होते, आणि ते खोटे होते असे आमच्या भागातला कोणीही प्रामाणिक मनुष्य म्हणणार नाही. २०१७ मध्ये राज्याने शर्यतींना वाट देणारा कायदा केला, तो त्याच वर्षी उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरविला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्याची तपासणी लागते, काठी-चाबूक चालत नाही, आणि छळ केल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

कायद्याचा निकाल लागला. मनाचा निकाल इतक्या सहजी लागत नाही. बंदीच्या वर्षांत आमच्या आळीतील दावणी एकामागून एक रिकाम्या झालेल्या मी पाहिल्या. शेतात ट्रॅक्टर आल्यावर खिल्लार बैलाला घाटाखेरीज काम उरलेले नाही. आणि काम नसलेला बैल शेवटी कोणत्या बाजारात जातो हे सांगण्याची आवश्यकता नाही. दादांनी ती सात वर्षे दोन बैल नुसते उभे करून पोसले. त्यांतला एक शर्यत पुन्हा सुरू होण्यापूर्वीच गेला. सोन्याला दूध मिळते, भरडा मिळतो, त्याच्या अंगावरची माशी घरातील लहान मूल वारते. हे सर्व खरे. परंतु ज्याला आपण प्रेमाने वाढवितो त्याला विचारल्यावाचून आपल्या अभिमानासाठी पळवितो, हेही खरे. ही दोन्ही सत्ये मी त्या माथ्यावर एकदम पाहिली, आणि त्यांपैकी एकाने दुसऱ्याला खोटे पाडले नाही. मला एवढे मात्र जाणवले, की सोन्याची आणि माझी स्थिती काहीशी सारखी आहे. गावाच्या रोजच्या कामात आमचा दोघांचाही उपयोग उरलेला नाही. वर्षातून एकदा गावाच्या नावाने बाहेर काढले म्हणजे तेवढेच आम्ही गावचे. फरक असा, की मला येण्याची इच्छा होती की नाही हे सांगता येते.

बारी झाल्यावर आम्ही निघणार, तोच सकाळचा तो म्हातारा पुन्हा आला. “जेवल्याबिगर जायचं न्हाई,” असे त्याने दादांना बजावले. आम्ही पन्नासांवर माणसे. परंतु हरलेल्या पाहुण्याला उपाशी पाठविणे हे त्या गावाला कमीपणाचे वाटत होते. यात्रेच्या पंगतीत आमटी-भाकरी आणि गव्हाची खीर आमच्यापुढे आली. वाढणारी पोरे आमच्या गाड्याची चर्चा आमच्याच तोंडावर करीत होती. “जुकाट चांगलं हाय तुमचं, धुरेला जरा बदल करा,” असा सल्ला एका मिसरूड न फुटलेल्या तज्ज्ञाने दादांना दिला, आणि साठी ओलांडलेल्या माझ्या बंधूंनी तो गंभीरपणे ऐकून घेतला. गावात असा सल्ला कोणी दिला असता तर त्याची खैर नव्हती.

पंगतीत माझ्या शेजारी आणखी एक पाहुणा होता, सत्तरीच्या पुढचा, काटक. मी सवयीने त्याला गाव विचारले. तो थोडा थांबला आणि म्हणाला, “डिंभ्याच्या पाण्यात.” घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात अनेक गावे गेली. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगावही त्यांत गेले. कचेरी घोडेगावास आहे, बाजारपेठ मंचरास आहे, आणि तालुक्याला नाव देणारे गाव पाण्याखाली आहे. हा गृहस्थ अशाच एका बुडीत गावचा. उठून आल्यावर पूर्वेकडील एका गावात त्याला जमीन मिळाली, तेथेच त्याची मुले वाढली, नातवंडे झाली. त्याच्या नातवाने एक जोडी पाळली होती आणि दुसऱ्या एका मालकाच्या जोडीबरोबर गाडा केला होता.

“मग गाडा कोणत्या गावच्या नावाने पुकारतात?” मी विचारले.

“जुन्या,” तो म्हणाला. “चिठ्ठीवर नातू नवं गाव लिहितो. मी खोडून जुनं लिवतो. येरवी ते नाव आता घेतं कोण?”

त्याची बारी सकाळीच होऊन गेली होती. निवेदकाने ते नाव उच्चारले तेव्हा मी बाभळीखाली भाकरी खात होतो, आणि दोनशे नावांतले एक म्हणून ते माझ्या कानांवरून गेले. त्या नावाचे घर नाही, शीव नाही, ग्रामपंचायत नाही; सारे पाण्याखाली. तरी परक्या गावच्या घाटावर, घोडी सुटण्यापूर्वी, ते एकदा मोठ्याने घेतले गेले, आणि सत्तरीच्या म्हाताऱ्याला ते ऐकण्यासाठी उन्हातान्हात इतक्या दूर यावेसे वाटले. आपल्या गावात आपल्या गावाचे नाव घेण्याचे कोणाला कारणच पडत नाही; ते दुसऱ्याच्याच गावात घ्यावे लागते.

“किती सेकंद लागले?” मी विचारले.

“चौदाच्या वर,” तो म्हणाला, आणि खिरीची वाटी पुढे करून वाढणाऱ्या पोराला हाक मारली.